कुलूप शाबूत, दार मोडलेलं

विमा कंपन्यांसाठी चोरीच्या दाव्यांची पाहणी करण्याचं काम मी नोकरीची सगळी वर्षं केलं. चोरी होऊन गेलेल्या घरात जायचं, चोर कुठून आला, कशाने आला, काय काय उचकटलं ते पाहायचं आणि अहवाल लिहायचा. त्यामुळे कुणाकडेही गेले तरी माझी नजर आधी दाराच्या चौकटीकडे जाते. गेल्या अंकात घराच्या सुरक्षेबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

शेजारच्या इमारतीत घरफोडी झाल्यापासून आम्ही बाजारातलं सर्वांत भक्कम कुलूप बसवायचं ठरवलं आहे. दार लाकडी आहे, बरंच जुनं. कोणतं कुलूप घ्यावं?

कुलूप घ्या, पण त्याआधी दार उघडून चौकट बघा. कुलपाचा बोल्ट, म्हणजे किल्ली फिरवल्यावर बाहेर येणारा दांडा, ज्या खाचेत शिरतो तिथे धातूची एक पट्टी असते. तिचा एक स्क्रू काढून हातात घ्या. बहुतेक घरांत तो बोटाच्या एका पेराएवढाही भरत नाही. म्हणजे तुमचं कुलूप कितीही भारी असलं तरी ते चौकटीच्या वरवरच्या लाकडाला धरून उभं आहे. दारावर दोन-तीन जोरदार लाथा बसल्या की ते लाकूड उभं चिरतं, पट्टी निघून येते आणि दार उघडतं. अशी कितीतरी दारं मी पाहिली आहेत. कुलूप शाबूत, बोल्ट बाहेर आलेला, किल्ली लावली तर अजूनही मऊ फिरणारा, आणि चौकटीची ढलपी जमिनीवर पडलेली. घरातली माणसं मला पुन्हा पुन्हा सांगायची, "कुलूप तर नवीनच होतं हो."

म्हणून पैसे कुलपावर घालवण्याआधी चौकटीवर घाला. जाड आणि लांब पट्टी बसवून घ्या आणि तिला ७५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू मारून घ्या, म्हणजे ते चौकट ओलांडून मागच्या भक्कम लाकडात किंवा भिंतीत शिरतील. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तर सुताराला भिंतीत घट्ट पकड घेणारे अँकर वापरायला सांगा. बिजागऱ्यांनाही तेच. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेर येतात आणि त्या ठोकून काढता येतात. अशा दाराला बिजागरीच्या बाजूने धातूच्या खुंट्या बसवतात. दार मिटलं की त्या चौकटीतल्या भोकांत शिरतात, मग खिळी काढली तरी फळी जागची हलत नाही. काम छोटं आहे, सुतार तासाभरात करतो.

दाराची फळी बोटाने ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर आत पुठ्ठ्याची जाळी आणि वर पातळ प्लायवूड असलेलं आतल्या खोल्यांचं दार कुणीतरी मुख्य दाराच्या जागी बसवलं आहे. ते बदलायलाच हवं. त्यावर कुलूप बसवण्यात अर्थ नाही.

आता कुलूप. ओढून घेतलं की आपोआप लागणारा लॅच सोयीचा असतो, पण त्याच्या तिरप्या जिभेवर कधीही विसंबू नका. दार आणि चौकट यांच्या फटीतून प्लॅस्टिकचं लवचीक कार्ड सरकवलं तर ती जीभ मागे ढकलली जाऊ शकते. किल्लीने फिरवून बाहेर काढावा लागणारा चौकोनी बोल्ट हवा, आणि तो चौकटीत निदान २५ मिलिमीटर शिरायला हवा. कुलूप सिलिंडरचं, म्हणजे किल्ली एका नळीत शिरते असं, असेल तर सिलिंडरचं तोंड दाराच्या पृष्ठभागाच्या बाहेर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नका. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या सिलिंडरला मधोमध स्क्रूचं भोक असतं आणि तिथेच तो सर्वांत कमजोर असतो. बाहेर आलेलं तोंड पकडीत धरून पिळलं की तो त्या भोकापाशी तुटतो. सिलिंडरभोवती कठीण धातूचं कडं बसवून मिळतं, ते जरूर बसवा.

कडी-कोयंडा आणि बाहेरून लोंबणारं कुलूप वापरणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. कोयंड्याचे स्क्रू कुलूप लावल्यावरही बाहेरून दिसत असतील तर चोर कुलपाला हातही लावणार नाही, स्क्रूच काढेल. आणि लोंबतं कुलूप येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की आत कुणी नाही.

मुलाने मला काही व्हिडिओ दाखवले. त्यात लोक तारेच्या तुकड्याने काही सेकंदांत कुलपं उघडतात. मग कुलूप लावण्यात अर्थ तरी काय?

व्हिडिओ खरे आहेत. बहुतेक दारांवर आज जे सिलिंडरचं कुलूप दिसतं त्याची घडण लायनस येल ज्युनियर यांनी १८६१ मध्ये अमेरिकेत पेटंट केली. आत स्प्रिंगच्या दाबाखाली छोट्या पिना, प्रत्येक पिन दोन तुकड्यांची. योग्य किल्ली घातली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि किल्ली शिरते तो आतला गाभा फिरतो. हा सांधा हाताने चाचपत जुळवता येतो, किंवा विशिष्ट खाचांची किल्ली घालून तिच्यावर ठोका दिला की पिना क्षणभर उसळतात आणि तेवढ्यात गाभा फिरवता येतो. चांगल्या सिलिंडरमध्ये या दोन्हींना अडवणाऱ्या पिना असतात. विकत घेताना दुकानदाराला ते विचारा.

अभेद्य कुलूप मात्र कधीच नव्हतं. लंडनमध्ये ब्रामा कंपनीने १७९० मध्ये आपल्या दुकानाच्या काचेत एक कुलूप मांडलं आणि ते किल्लीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनी (तेव्हाची इंग्लंडमधली सोन्याची नाणी) बक्षीस लावलं. साठ वर्षं ते कुणाला उघडता आलं नाही. १८५१ मध्ये तिथे मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं तेव्हा अमेरिकेतून आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज यांनी ते उघडलं, आणि त्याच काळात छेडछाड झाली की अडकून बसणारं चब कंपनीचं नावाजलेलं कुलूपही उघडलं. चबचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं, ब्रामाच्या कुलपाला मात्र १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले.

या दोन आकड्यांमधल्या फरकाकडे बघा, कारण कुलूप तुम्हाला देतं ते हेच: वेळ. युरोपात दारं-खिडक्यांसाठी ईएन १६२७ हे मानक आहे आणि त्यातली प्रतवारीसुद्धा वेळेवर केलेली आहे. आरसी २ प्रतीच्या दाराने पेचकस, पक्कड आणि पाचर घेतलेल्या माणसासमोर ३ मिनिटं टिकायचं; आरसी ३ ने कटावणीसमोर ५ मिनिटं. ऐकायला हे फार कमी वाटतं. पण त्या मिनिटांत आवाज होतो, फळी करकरते, शेजारचं दार उघडतं. चोराला तेच नको असतं. शिवाय मी पाहिलेल्या घरांत तारेने नाजूकपणे कुलूप उघडल्याची प्रकरणं विरळा होती. बाकी ठिकाणी काहीतरी मोडलेलं होतं, नाहीतर काहीतरी उघडंच राहिलं होतं. स्वच्छतागृहाची छोटी खिडकी, गच्चीचं दार, गॅलरीचं सरकतं दार.

त्या सरकत्या दारांबद्दल इथेच सांगते, कारण बऱ्याच पत्रांत तो प्रश्न आहे. खालच्या खाचेत मापाने कापलेला लाकडी किंवा धातूचा दांडा ठेवला की दार सरकत नाही. पण ते वर उचलून खाचेतून काढताही येतं. तुम्ही स्वतः आतून उचलून बघा. हाताला ते वर जात असेल तर वरच्या खाचेत दार उचलू न देणारे अडथळे बसवून घ्या. काच बदलणारच असाल तर दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच घ्या. ती तडकते पण जागची सुटत नाही. टफन्ड, म्हणजे तापवून कठीण केलेली, काच फुटली की तिचा चुरा होऊन सबंध वाट मोकळी होते.

आम्ही दोघं महिनाभर बाहेर जाणार आहोत. घर रिकामं आहे हे कळू नये म्हणून काय करावं?

विश्वासातल्या एका माणसाला किल्ली द्या आणि रोज एकदा घरात जायला सांगा. त्याने दारात साठलेले कागद उचलावेत, पडदे कधी सरकवावेत कधी ओढावेत, आतून एक फेरी मारावी. बाकी सगळे उपाय याच्या खालचे. दिव्यांना टायमर लावा, पण वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळ्या वेळेचे. चोवीस तास जळणारा एकच दिवा घर रिकामं असल्याचंच सांगतो. प्रवासातले फोटो परत आल्यावर टाका, आणि घरातल्या तरुण मंडळींनाही हे बजावा.

पायपुसण्याखाली, कुंडीत, मीटरच्या पेटीत, वर चौकटीवर किल्ली ठेवू नका. तुम्हाला सुचलेली जागा चोरालाही सुचते. यात आणखी एक बाजू आहे. घरफोडीच्या अनेक विमा पॉलिसींत जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा असणं ही अट असते. चोर तुमच्याच किल्लीने आत आला आणि दार लावून गेला तर दाखवायला खूणच उरत नाही. अशा दाव्यांवर मला जे लिहावं लागलं ते लिहिताना वाईट वाटायचं, कारण समोरचं माणूस खरं बोलत असायचं. पॉलिसीतल्या अटी आजच काढून वाचा. घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं याचीही मर्यादा काही पॉलिसींत असते. महिनाभर जाताय, तेव्हा ते कलम आधी पाहा.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे चोरी झाली. दागिने गेले, लॅपटॉप गेला, किल्ल्यांचा जुडगा सापडत नाही. आईला रात्री झोप लागत नाही, ती सारखी विचारते, "परत आले तर?" आम्ही तिला समजावतो की वीज एकाच झाडावर दोनदा पडत नाही. बरोबर ना?

तुमची आई बरोबर आहे. तिला गप्प करू नका.

एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता इतर घरांपेक्षा जास्त असते, आणि ती चोरीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत सर्वाधिक असते. अनेक देशांतल्या अभ्यासांतून हे दिसलं आहे. कारण सरळ आहे. चोराने घराची रचना पाहिलेली असते, काय न्यायचं राहिलं ते त्याला माहीत असतं, आणि मोडकं दार बहुधा तसंच तात्पुरतं ठोकून ठेवलेलं असतं. त्याच सुमारास आजूबाजूच्या घरांचाही धोका वाढतो. म्हणून शेजाऱ्यांपासून लपवू नका, उलट आजच्या आज सांगा.

हे कळल्यावर काय करता येतं याचं एक चांगलं उदाहरण इंग्लंडमधल्या रॉचडेल गावातल्या कर्कहोल्ट वसाहतीचं आहे. १९८० च्या दशकात तिथे घरफोड्या फार होत. गुन्ह्यांचे अभ्यासक केन पीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोरी झालेल्या घरांवरच सगळा जोर लावायचं ठरवलं. तिथे घरोघरी नाणी टाकून वीज मिळणारी मीटरं होती आणि चोर त्यातली नाणी काढून नेत. ती मीटरं हटवली. फोडलेल्या घराची दारं-खिडक्या लगेच मजबूत केल्या. आणि त्या घराच्या आजूबाजूच्या साधारण सहा घरांना विचारलं की तुम्ही या घरावर लक्ष ठेवाल का. पहिल्याच वर्षात वसाहतीतल्या घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या, आणि तीन वर्षांत जवळजवळ तीन चतुर्थांशांनी घटल्या. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते शेजाऱ्यांना विचारणं. ज्याच्या घरी चोरी होते तो माणूस एकटा पडतो. लोक दोन दिवस येऊन चौकशी करतात, मग "तुम्हीच काळजी घ्यायला हवी होती" असं काहीतरी बोलून जातात. त्या बोलण्याने माणसं चोरीपेक्षा जास्त खचलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा तुमच्यासाठी. किल्ल्या सापडत नाहीत म्हणजे कुलपं आजच बदला, उद्यावर टाकू नका. कुलूपवाला सबंध कुलूप न काढता नुसता सिलिंडर बदलून देतो. जुडग्यात गाडीची, कार्यालयाची, आणखी कुणाच्या घराची किल्ली होती का ते आठवा आणि त्यांनाही कळवा. दार पहिल्या उत्तरात लिहिल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, आधी होतं तसंच परत बसवू नका. लॅपटॉपवर उघडी राहिलेली खाती दुसऱ्या यंत्रावरून बंद करा, पासवर्ड बदला. बँकेची कागदपत्रं, धनादेश, ओळखपत्रं जागेवर आहेत का तेही पाहा. दागिन्यांच्या धक्क्यात ती पाहायची राहतात आणि महिन्याने भलताच प्रश्न उभा राहतो. गेलेल्या वस्तूंची यादी एकदम पूर्ण होत नाही, हळूहळू आठवत जातं. वही हाताशी ठेवा आणि पोलिसांना व विमा कंपनीला पुरवणी यादी द्या. दागिन्यांच्या पावत्या नसतील तर समारंभांतले फोटो शोधा, आईच्या गळ्यातला हार दिसणारा लग्नाचा फोटोसुद्धा पुरावा म्हणून चालतो.

आईला सोबत घेऊन घराची एक फेरी मारा. "तुला कुठून भीती वाटते?" असं तिला विचारा. ती बोट दाखवेल ती खिडकी आधी नीट करा, मग ती तुमच्या मते कितीही सुरक्षित असो. तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवा, उशाशी फोन आणि दिव्याचं बटण असू द्या. काही रात्री कुणीतरी तिच्या खोलीत झोपा. चोराने कपाटातले कपडे हाताळलेले असतात, त्याचाही त्रास होतो. ते सगळे धुऊन टाका. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली तर पुन्हा पुन्हा उत्तर द्या. आणि महिना-दीड महिन्यानंतरही झोप परतली नाही तर डॉक्टरांना दाखवा, वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: बाहेरून आल्यावर दार मोडलेलं दिसलं तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. मागे फिरा, लांबून पोलिसांना फोन करा. ते येईपर्यंत काही आवरू नका, पुसू नका.

कॅमेरे लावले की पुरे का?

कॅमेरा पाहतो, अडवत नाही. दारं-खिडक्या झाल्या की मग लावा. तो फार उंचावर लावला तर टोपी आणि डोक्याचा वरचा भागच दिसतो, म्हणून निदान एक कॅमेरा दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसेल असा हवा. काचेच्या आतून बाहेर रोखलेला कॅमेरा रात्री आपल्याच अवरक्त दिव्याच्या परावर्तनाने आंधळा होतो. कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे का ते तपासत राहा. चित्रण साठवणारं यंत्र टीव्हीशेजारी ठेवू नका, चोर टीव्हीबरोबर तेही नेतो.

इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक संगणक प्रणालीने असे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

हालचाल टिपणारा अलार्म घेणार असाल तर तो माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा बसवा. तो शरीराच्या उष्णतेचा बदल टिपतो आणि सरळ त्याच्याकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. ऊन येणारी खिडकी किंवा हीटर त्याच्या समोर नको, नाहीतर तो उगीच वाजत राहील आणि चार दिवसांत तुम्हीच तो बंद कराल.

तिजोरी कुठे ठेवावी?

कुठेही ठेवा, पण जमिनीला किंवा भिंतीला आतून बोल्टने जखडा. कपाटात नुसती ठेवलेली छोटी तिजोरी चोर उचलून नेतो आणि आपल्या सवडीने फोडतो. ईएन ११४३-१ या मानकात तर हजार किलोपेक्षा हलक्या तिजोरीला जखडण्याची सोय असलीच पाहिजे असं म्हटलं आहे. "अग्निरोधक" असं लिहिलेली तिजोरी चोरीला टिकेलच असं नाही. त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, दोन्हींचं प्रमाणपत्र बघा. दागिन्यांसाठी शयनगृहातलं कपाट आणि गादीखालची जागा सोडून द्या, चोर पहिल्यांदा तिथेच जातो. रोज लागत नाही ते बँकेच्या लॉकरमध्ये.

सगळ्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या ठोकून घेतल्या आणि दाराला आतूनही किल्लीने उघडणारं कुलूप लावलं. आता आम्ही निश्चिंत आहोत. आणखी काही सुचवाल?

हो, आणि कृपया हे याच आठवड्यात करा. घराला आग लागली आणि मुख्य दाराच्या बाजूला धूर भरला, तर तुम्ही कुठून बाहेर पडणार? प्रत्येक खिडकी ठोकून बंद केली असेल तर उत्तर नाही असंच येतं. धुरात काही दिसत नाही, श्वास घेता येत नाही, आणि हाताशी मिनिटं थोडी असतात. चोरीच्या कामात असूनही मला अशा घरांची भीती जास्त वाटायची.

झोपायच्या प्रत्येक खोलीत निदान एका खिडकीची जाळी बिजागरीवर उघडणारी करून घ्या. माणूस बाहेर पडू शकेल एवढी ती मोठी हवी, आणि कुलूप आतल्या बाजूला. त्याची किल्ली त्याच खोलीत, ठरलेल्या खिळ्यावर, बाहेरून हात घालून पोहोचणार नाही इतक्या अंतरावर टांगा. मुख्य दाराचं कुलूप आतून किल्लीशिवाय, नुसत्या मुठीने फिरेल असं बदलून घ्या. दाराला काच असेल आणि ती फोडून कुणी हात घालील अशी काळजी असेल तर ती काच लॅमिनेटेड करा. मग मुलांना, म्हाताऱ्या माणसांना, घरात जे कुणी झोपतात त्या प्रत्येकाला दिवे मालवून ती जाळी स्वतःच्या हाताने उघडायला लावा. ज्याच्या हाताला ती उघडत नाही त्याची झोपायची खोली बदला, नाहीतर जाळी बदला.